विश्लेषण : इंजिन ठीक, विमान ठीक, तरीही उड्डाणानंतर लगेच का कोसळलं? सात वर्षांच्या जेसिकाच्या विमानाचं काय झालं होतं?

छोटं विमान उड्डाणानंतर लगेच कोसळल्याची बातमी मोबाइलवर झळकली की पहिल्या तासाभरात एक शब्दप्रयोग हमखास येतो : 'तांत्रिक बिघाड'. तपास सुरू व्हायच्या आत तो मथळ्यातही जातो. काही वेळा तो खराही ठरतो. पण विमानात काहीही न बिघडता, सगळे पुर्जे नीट चालत असताना विमान एक-दोन मिनिटांत खाली येऊ शकतं. असं कसं होतं, हे समजून घ्यायला अमेरिकेतला १९९६ चा एक अपघात आजही उड्डाण प्रशिक्षणात चर्चेला घेतला जातो.

११ एप्रिल १९९६ रोजी सकाळी ८ वाजून २४ मिनिटांनी वायोमिंग राज्यातल्या शायेन विमानतळावरून चार आसनी 'सेसना १७७ बी कार्डिनल' विमान उडालं. विमानात तिघं होते : सात वर्षांची जेसिका डुब्रॉफ, तिचे वडील आणि तिचे उड्डाण प्रशिक्षक. थोड्याच वेळात विमान विमानतळाजवळच्या निवासी वस्तीत कोसळलं. तिघांचाही मृत्यू झाला. जमिनीवर कोणाला इजा झाली नाही.

जेसिका अमेरिका आरपार विमान चालवत जाणारी सर्वांत लहान मुलगी ठरणार होती. निदान जाहिरात तशी होती.

नेमका प्रवास काय होता?

आदल्या दिवशी, १० एप्रिलला, हे विमान कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बे इथून निघालं. पूर्व किनाऱ्यावर मॅसॅच्युसेट्समधल्या फॅलमथपर्यंत जायचं आणि परत यायचं, तेही आठ दिवसांत. पहिल्या दिवशी नेवाडातलं एल्को, वायोमिंगमधलं रॉक स्प्रिंग्ज असे टप्पे घेत मंडळी संध्याकाळी शायेनला पोहोचली. दुसऱ्या दिवशी पुढचा मुक्काम नेब्रास्कातल्या लिंकनचा होता.

जेसिकाने सहाव्या वाढदिवसापासून उड्डाणाचे धडे घेतले होते. काचेबाहेरचं दिसावं म्हणून तिला उशी घेऊन बसावं लागे आणि पाय पोहोचावेत म्हणून पायाखालच्या पेडलना लांबी वाढवणारे जोड लावले होते. अमेरिकेत एकट्याने विमान उडवण्यासाठी किमान १६ वर्षं वय लागतं आणि खासगी वैमानिकाचा परवाना १७ व्या वर्षी मिळतो. मग सात वर्षांची मुलगी विमान कशी 'चालवत' होती? परवानाधारक प्रशिक्षक शेजारी बसून दुहेरी नियंत्रणं सांभाळत असेल, तर शिकणाऱ्याने किती वयात हात लावावा याला तेव्हा किमान मर्यादा नव्हती. त्यामुळे कागदोपत्री वैमानिक प्रशिक्षकच होते आणि जेसिका प्रवासी. टीव्हीवर मात्र ती वैमानिक होती.

आणखी एक गोष्ट. 'सर्वांत लहान वैमानिक' हा विभाग गिनेस बुकने सुमारे सात वर्षांपूर्वीच बंद केला होता. अशा विक्रमांपायी अपघात होतील, हीच भीती त्यामागे होती. म्हणजे ज्या विक्रमासाठी एवढी धावपळ चालली होती, त्याची नोंद घ्यायला गिनेसही तयार नव्हतं. विक्रम फक्त बातम्यांमध्ये होणार होता.

त्या सकाळी हवामान कसं होतं?

खराब होतं आणि आणखी बिघडत चाललं होतं. पाऊस सुरू झाला होता, वाऱ्याचे झोत येत होते, वादळी ढग विमानतळाकडे सरकत होते. दृश्यमानता तीन मैलांच्या खाली गेली होती. नुसत्या डोळ्यांनी बाहेर बघत उडणाऱ्या विमानांना एवढ्या कमी दृश्यमानतेत एरवी परवानगी नसते. अशा वेळी वैमानिक नियंत्रण कक्षाकडे 'स्पेशल व्हीएफआर' ही विशेष मुभा मागू शकतो. प्रशिक्षकांनी ती मागितली आणि ती मिळाली.

इथे अनेकांचा गैरसमज होतो. 'टॉवरने परवानगी दिली, म्हणजे उडणं सुरक्षित असणार' असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात नियंत्रक एवढंच पाहतो की, नियमात बसतंय का आणि हवेत दुसऱ्या विमानाशी टक्कर होणार नाही ना. या विमानाने, या वजनाने, या वाऱ्यात उडावं की नाही, हा निर्णय वैमानिकाचा असतो. आरटीओने लायसन्स दिलं म्हणजे पुरात गाडी घालायला सांगितली असं होत नाही, तसंच हे.

काही मिनिटं आधी त्याच विमानतळावरून एक 'सेसना ४१४' उडालं होतं. दोन इंजिनांचं, जास्त ताकदीचं विमान. त्याच्या वैमानिकाने वर जाताच कळवलं की, वाऱ्याचा वेग अचानक १५ नॉटने कमी-जास्त होतोय. ही माहिती जेसिकाच्या प्रशिक्षकांपर्यंतही पोहोचली. वादळ जवळ येण्याआधी निघून जायचं, असा त्यांचा विचार होता.

१५ नॉट म्हणजे ताशी साधारण २८ किलोमीटर. ऐकायला फार वाटत नाही. पण या आकड्याकडे पुन्हा यावं लागेल.

विमानतळाच्या उंचीचा काय संबंध?

शायेनचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ६,१५६ फुटांवर आहे. कळसूबाईचा माथा सुमारे ५,४०० फूट. म्हणजे ही धावपट्टीच महाराष्ट्रातल्या सर्वोच्च शिखराहून सातशे-साडेसातशे फूट वर आहे.

उंचावर हवा विरळ असते. तिथे विमानाची तीन बाजूंनी अडचण होते. साध्या पिस्टन इंजिनाला कमी हवा मिळते, त्यामुळे ताकद घटते. पंख्याची पाती कमी हवा मागे ढकलतात. आणि पंखांखालून-वरून वाहणारी हवाच पातळ असल्याने तेवढाच उचल मिळवायला जास्त वेगाने धावावं लागतं. तापमान आणि हवेचा दाब धरून विमानाला प्रत्यक्षात 'जाणवणारी' जी उंची काढतात, तिला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. त्या सकाळी ती सुमारे ६,६७० फूट होती. एवढ्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या तुलनेत साधारण १८ टक्क्यांनी कमी असते. १८० अश्वशक्तीचं इंजिन कागदावर तेवढं असतं, तिथे मात्र तेवढी ताकद देत नाही. परिणाम असा की विमान उडतं, पण हाफ मून बेसारख्या समुद्रकाठच्या धावपट्टीवरून चढायचं तसं चढत नाही.

पण सगळा दोष उंचीवर टाकणंही बरोबर नाही. रॉक स्प्रिंग्जचा विमानतळ शायेनपेक्षाही उंच आहे आणि आदल्याच दिवशी हे विमान तिथून सुखरूप उडालं होतं. कदाचित म्हणूनच दुसऱ्या दिवशी उंचीची धास्ती वाटली नसेल. फरक एवढाच की, शायेनला उंचीच्या जोडीला वादळ होतं.

आणि वजन?

तपासात आढळलं की, उड्डाणाच्या वेळी विमानाचं वजन कमाल मर्यादेपेक्षा ९६ पौंडांनी, म्हणजे सुमारे ४४ किलोंनी जास्त होतं. मर्यादा २,५०० पौंडांची होती. कोसळताना ते ८४ पौंडांनी जास्त होतं. मधल्या वेळात जळालेलं इंधन तेवढंच.

'ओव्हरलोड' हा शब्द बातमीत जोरदार वाटतो. हिशोब केला तर ९६ पौंड म्हणजे मर्यादेच्या चार टक्क्यांहूनही कमी. विमान हवेत टिकण्यासाठी लागणारा किमान वेग यामुळे जेमतेम दोन टक्क्यांनी वाढतो. वजनाचा खरा फटका चढण्याला बसतो. घाटात ट्रिपल सीट स्कूटर चालवून पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको : गाडी चालते, पण चढावर तिच्यात शिल्लक काही राहत नाही. विमानातही इंजिनाची ताकद आधी 'तरंगत राहण्यात' खर्च होते. जी उरते तीच वर नेते. विरळ हवेने हे उरलेलं आधीच कमी केलं होतं, वजनाने त्यातून आणखी थोडं काढून घेतलं.

मग विमान नेमकं कोसळलं कशामुळे?

तांत्रिक उत्तर एका शब्दात आहे : स्टॉल. गाडी 'स्टॉल' होते म्हणजे इंजिन बंद पडतं. विमानाच्या बाबतीत अर्थ पूर्ण वेगळा आहे. इथे इंजिन जोरात चालू असतं. पंख हवेला जास्तच तिरके धरले गेले, की त्यांच्या वरच्या पृष्ठभागाला चिकटून वाहणारी हवा सुटते आणि उचल एकदम घटते. विमान मग नाक खाली टाकतं, बऱ्याचदा एका पंखावर कलंडतं. वेग कमी असताना उंची टिकवायला नाक वर ओढलं की ही वेळ लवकर येते.

आता वळणाचा हिशोब. सरळ उडताना विमानाचा स्टॉलचा वेग ६० नॉट आहे असं समजू (हा आकडा केवळ उदाहरणासाठी). उंची न गमावता वळायचं तर विमान एका बाजूला कलवावं लागतं आणि पंखांना वजनापेक्षा जास्त उचल द्यावी लागते. ३० अंश कलवलं तर स्टॉलचा वेग सुमारे ६४ नॉट होतो. ४५ अंशांना तो ७१ च्या आसपास जातो. ६० अंशांना थेट ८५. म्हणजे वेगमापकाचा काटा तसूभर न हलता, केवळ कलण्यामुळे विमान सुरक्षित क्षेत्रातून धोक्याच्या क्षेत्रात येऊ शकतं.

आणि आता ते १५ नॉट. ७५ च्या वेगाने चढणाऱ्या विमानाला १५ नॉटचा मागचा झोत बसला, तर क्षणभर पंखांवरून वाहणाऱ्या हवेचा वेग ६० राहतो. उदाहरणातल्या विमानात सरळ उडतानासुद्धा शिल्लक शून्य. त्याच क्षणी ते वळत असेल तर?

जेसिकाचं विमान उजवीकडे वळत होतं. ते नाक वर धरून, कमी वेगाने, पंख डगमगत जाताना प्रत्यक्षदर्शींनी पाहिलं. मग ते जवळजवळ उभ्या रेषेत खाली आलं.

तपास यंत्रणेने, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, आणखी एक शक्यता मांडली आणि ती फार महत्त्वाची आहे. उजव्या वळणानंतर वारा पाठीमागून येऊ लागला. विमानाचा हवेतला वेग ७० नॉट आणि वारा २० नॉटचा धरला, तर वाऱ्याच्या तोंडावर जाताना जमिनीवरून वेग ५० दिसतो, पाठीवर घेतल्यावर तोच ९० दिसतो. पंखांना जमीन कळत नाही, फक्त हवा कळते. माणसाला उलट. खाली घरं भराभर मागे पडताना दिसली की वाटतं, वेग भरपूर आहे. त्यात विमान हवं तसं चढत नाही असं जाणवलं, की हात आपोआप नाक वर ओढतो. भरपूर वेग असल्याच्या समजुतीत उरलासुरला वेगही जातो.

उंचावर असतं तर सावरलं असतं का?

बहुधा. स्टॉलमधून बाहेर पडायची युक्ती सोपी आहे आणि शिकाऊ वैमानिकाला ती सुरुवातीलाच शिकवतात : नाक खाली, वेग घ्या, पंख सरळ करा. पण त्यासाठी खाली जागा लागते. अमेरिकेत एक इंजिनी विमानावर स्टॉलचा सराव करताना जमिनीपासून किमान १,५०० फुटांच्या वरच सावरलं पाहिजे, असा दंडक आहे. जेसिकाच्या विमानाकडे मोजके शेकडो फूट होते. इतक्या खाली नाक आणखी खाली करायचं, हे मनाच्या विरुद्ध जातं. जमीन समोर दिसत असते.

उड्डाणानंतरची पहिली दोन-तीन मिनिटं नाजूक असतात ती यामुळेच. विमान सर्वांत जड असतं कारण टाक्या भरलेल्या असतात, वेग कमी असतो, उंची नसते आणि वैमानिकाचे हात कामात गुंतलेले असतात. चुकीची भरपाई करायला हवेत ज्या दोन गोष्टी लागतात, वेग आणि उंची, त्या दोन्ही अजून कमवायच्या असतात.

भारतातलं उदाहरण पाहा. २२ डिसेंबर २०१५ रोजी सीमा सुरक्षा दलाचं 'सुपर किंग एअर' विमान दिल्लीहून रांचीला निघालं आणि उड्डाणानंतर लगेच द्वारका भागात कोसळलं. विमानातले सर्व दहा जण गेले. तेव्हाही विमानाच्या वयाची, देखभालीची चर्चा रंगली. चौकशी अहवालातलं कारण वेगळं होतं. धुक्यात, पुरेशी उंची गाठण्याआधीच ऑटोपायलट लावला गेला, पण दिशा सांभाळणारा 'हेडिंग मोड' निवडला गेला नव्हता. विमान डावीकडे कलत गेलं, कल वाढत गेला आणि तो वेळेत सुधारला गेला नाही. दहा हजार फुटांवर ही चूक लक्षात येऊन सुधारायला वेळ मिळाला असता.

या सगळ्यात टीव्हीचा काय दोष?

शायेनच्या अपघाताचा अहवाल १९९७ मध्ये आला. विमानात बिघाड असल्याचा पुरावा मिळाला नाही. बिघडत्या हवामानात, जादा वजनाने आणि सवय नसलेल्या डेन्सिटी अल्टिट्यूडला उडण्याचा प्रशिक्षकांचा निर्णय अयोग्य होता आणि वेग न राखल्याने विमान स्टॉल झालं, असं कारण नोंदवलं गेलं. त्याला जोडून एक वाक्य होतं, जे विमान अपघाताच्या अहवालात सहसा वाचायला मिळत नाही. अति महत्त्वाकांक्षी वेळापत्रक पाळायची इच्छा या निर्णयामागे होती आणि त्याचं एक कारण प्रसारमाध्यमांना दिलेले शब्द होते, असा त्याचा आशय.

विचार करा : काय अडलं होतं? दोन तास थांबून वादळ जाऊ दिलं असतं तर कोणाचं नुकसान नव्हतं. ना विमानात रुग्ण होता, ना लिंकनला कोणाचा जीव टांगणीला लागला होता. पण पुढच्या गावात कॅमेरे उभे होते, मुलाखती ठरल्या होत्या. एका टीव्ही वाहिनीने तर प्रवासाचं चित्रण करायला वडिलांकडे कॅमेरा दिला होता. त्यात पहिल्या दिवशीच्या लांब प्रवासाचा शीण होता आणि पूर्वेकडे आल्याने घड्याळ एक तास पुढे गेलं होतं. शायेनचे सकाळचे साडेआठ म्हणजे घरचे साडेसात.

अपघातानंतर अमेरिकेत माध्यमांवर बरीच टीका झाली. 'टाइम' साप्ताहिकाने २२ एप्रिल १९९६ च्या अंकाच्या मुखपृष्ठावरच, जेसिकाला कोणी मारलं, असा सवाल केला. प्रश्न रास्त होता, फक्त तो विचारणारेही आदल्या दिवसापर्यंत तिच्या उड्डाणाच्या बातम्या देणाऱ्या व्यवसायातलेच होते. मराठी वाचकालाही 'सर्वांत लहान वयात' हे शब्द नवे नाहीत. सर्वांत लहान गिर्यारोहक, सर्वांत लहान जलतरणपटू, सर्वांत लहान कोडर. अशा बातम्यांना भरपूर क्लिक मिळतात, हे प्रत्येक डिजिटल न्यूजरूमला माहीत आहे. पोराचं कौतुक होऊ नये असं नाही. पण तारीख आणि वेळ आधी जाहीर झालेली असते तेव्हा 'आज नको, उद्या करू' म्हणणं किती अवघड होतं, याचा हिशोब कोणी मांडत नाही.

त्यानंतर नियम बदलले का?

बदलले, आणि लवकर बदलले. ऑक्टोबर १९९६ मध्ये अमेरिकेत नागरी विमान वाहतुकीविषयीच्या मोठ्या कायद्याचा भाग म्हणून 'चाइल्ड पायलट सेफ्टी अ‍ॅक्ट' मंजूर झाला. विक्रम करण्यासाठी किंवा हवाई स्पर्धा-करामतीसाठी उड्डाण असेल, तर खासगी वैमानिकाचा परवाना आणि वैद्यकीय प्रमाणपत्र नसलेल्या व्यक्तीला नियंत्रणं हाताळू द्यायला वैमानिकाला बंदी झाली. प्रशिक्षकासोबत शिकण्यावर मात्र बंदी नाही; लहान मुलं आजही शेजारी बसून नियंत्रणांना हात लावू शकतात. भारतात शिकाऊ परवान्यासाठी १६, खासगीसाठी १७ आणि व्यावसायिकसाठी १८ वर्षं अशी किमान वयं आहेत.

नीट पाहिलं तर या कायद्याने जेसिकाच्या वयाचा प्रश्न सोडवला. त्या सकाळी विमान ज्यामुळे पडलं, ते वजन, वारा आणि घाई यांबद्दलचे नियम आधीपासूनच होते किंवा वैमानिकाच्या निर्णयावर सोडलेले होते. तेच विमान, तेच प्रशिक्षक आणि शेजारी चाळीस वर्षांचा विद्यार्थी असता तरी हवेचं गणित बदललं नसतं.

पुढची अशी बातमी वाचताना काय पाहायचं?

पहिल्या दिवशीच्या व्हिडिओतून फारसं कळत नाही. विमान किती वर नाक धरून होतं, पंख डगमगत होते का, इंजिनाचा आवाज येत होता का, एवढं दिसलं-ऐकू आलं तर उपयोगी. आवाज येत असेल आणि तरी विमान खाली आलं असेल, तर 'इंजिन बंद पडलं' हा अंदाज घाईचा असू शकतो. त्या वेळचा वारा, दृश्यमानता आणि तापमान विमानतळाच्या हवामान नोंदीत मिळतं. विमानात किती माणसं, किती सामान, किती इंधन होतं, हे वजनाच्या तक्त्यावरून तपासलं जातं. आणि ते त्याच वेळी का निघालं, थांबणं शक्य होतं का, हे सहसा शेवटी विचारलं जातं.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्राथमिक अहवाल साधारण ३० दिवसांत अपेक्षित असतो. त्यात कारण नसतं, फक्त तोपर्यंत हाती आलेले तथ्य असतात. अंतिम अहवालाला वर्ष किंवा त्याहून जास्त लागू शकतं. शायेनचा अहवालही साधारण वर्षभराने आला.